सायबिणीच्या मूर्तीला नवा रंग द्यावा का?

वाचकांचे प्रश्न : जुन्या ख्रिस्ती मूर्ती

प्रश्न : आमच्या घरच्या आल्तारावर (ख्रिस्ती देव्हाऱ्यावर) आजीच्या माहेराहून, म्हणजे वसईहून आलेली सायबिणीची, म्हणजे मारिया माउलीची, लाकडी मूर्ती आहे. तिची उंची सुमारे दीड फूट असून पायांखाली चंद्रकोर आणि पंखवाल्या देवदूतांची तीन मुखे आहेत. निळ्या झग्याच्या रंगाचे पोपडे उडाले आहेत. त्याखाली तांबडा आणि कुठे कुठे सोनेरी रंग दिसतो. तळाला बारीक भोकेही पडली आहेत. ८ डिसेंबरच्या निष्कलंक माउलीच्या सणापूर्वी तिला ऑइल पेंट देऊन घ्यावा, असे घरातील मंडळींचे म्हणणे आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मूर्ती पोर्तुगालची असल्याचे सांगून ती विकत मागितली आहे. मूर्ती कुठली असावी, किती जुनी असावी आणि तिला रंग द्यावा का?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला सणाची मुदत आहे. रंग देऊ नये. निळ्याखाली दिसणारा तांबडा आणि त्याच्याजवळ चमकणारा सोनेरी हा बिघडलेला रंग नाही. मूळ कारागिराच्या हातचे काम बहुधा तिथेच शिल्लक आहे.

अशी मूर्ती कोरून झाली की काम निम्मेच झालेले असे. लाकडावर आधी सरसाचा हात देऊन त्याची छिद्रे बुजवत, मग खडूची किंवा जिप्समची भुकटी सरसात कालवून तिचे पातळ थर एकावर एक चढवत, आणि ते वाळल्यावर पटाशीची एकही खूण दिसू नये इतके घासून गुळगुळीत करत. या पांढऱ्या अस्तरावर तांबड्या, मऊ चिकणमातीचा लेप येई. त्यावर सोन्याचा वर्ख बसवून तो अकीकाच्या दगडाने घोटला जाई. घोटताना लागणारा दाब ही माती सोसते आणि वर्खातून तिची तांबूस झाक उमटल्यामुळे सोने फिके दिसत नाही. झग्याचा निळा किंवा हिरवा रंग या सोन्यावर लावत आणि तो पक्का होण्याआधी टोकदार काडीने त्यात वेलबुट्टी खरवडत, म्हणजे खरवडलेल्या रेषांतून खालचे सोने उघडे पडे आणि लाकडाच्या चुण्यांवर जर उमटे. चेहरा, मान आणि हात यांची त्वचा वेगळ्या पद्धतीने, तैलरंगाचे थर एकमेकांत मिसळून रंगवली जाई. ही पद्धत स्पेन आणि पोर्तुगालमधून आली आणि गोव्याच्या कार्यशाळांनी ती आत्मसात केली.

बाजारातल्या ऑइल पेंटचा एक हात दिला की खरवडलेल्या बारीक रेषा भरून जातात, चेहऱ्यावरच्या छटा एका सपाट गुलाबी रंगाखाली जातात, आणि पुढे हा कडक थर आकसताना खालचे अस्तर स्वतःबरोबर उचलून काढतो. नंतर कोणी तो उतरवू म्हटले तर तज्ज्ञालासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली, शल्यकर्माच्या सुरीने, बोटाच्या पेराएवढी जागा साफ करायला कितीतरी वेळ लागतो. सणाला सायबीण उजळ दिसावी ही इच्छा भक्तीतून येते, हे मी पूर्ण जाणतो. ती इच्छा आल्तारावरचे नवे वस्त्र, मूर्तीमागचा स्वच्छ पडदा, फुले आणि योग्य दिवा यांनीही पुरी होते, आणि त्यात मूर्तीचे काही बिघडत नाही.

आता दिसणारा निळा रंगसुद्धा मूळचा असेलच असे नाही. जुन्या मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या गेल्या आहेत. रंगाचा कणभर नमुना प्रयोगशाळेत तपासला तर बरेच कळते. त्यात टायटॅनियमचा पांढरा सापडला तर तो थर १९२० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा असतो, आणि प्रशियन निळा सापडला तर तो अठराव्या शतकाच्या आधीचा असू शकत नाही, कारण तो रंग बर्लिनमध्ये त्या शतकाच्या आरंभी तयार झाला. खिळ्यांचेही तसेच आहे. लोहाराने ठोकून घडवलेला चौकोनी खिळा आणि यंत्रावर तारेपासून बनवलेला गोल खिळा यांत फरक आहे, आणि दुसरा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसतो. मात्र नवा खिळा म्हणजे नवी मूर्ती असा निष्कर्ष काढू नये. तो दुरुस्तीतला असू शकतो.

मूर्ती कुठली, हे ठरवण्यासाठी ती पाठमोरी करून पाहावी लागेल. पोपडे उडत असल्यामुळे हे काम दोघांनी, टेबलावर जाड मऊ कापड पसरून आणि मूर्ती दोन्ही हातांनी बुंध्याकडून धरून करावे. हात, मुकुट किंवा चंद्रकोर धरून ती कधीही उचलू नये, कारण हे भाग बहुधा वेगळे कोरून खुंटीने बसवलेले असतात. पाठीला किंवा तळाला रंग नसलेले लाकूड दिसेल. पोर्तुगालमधल्या कार्यशाळा तिकडे मिळणारे चेस्टनट, ओक असे लाकूड वापरत. आपल्याकडच्या कारागिराने बहुतेक वेळा साग घेतला. सागाचे वजन, तेलकट स्पर्श आणि तपकिरी शिरा जुन्या घरांत वाढलेल्या माणसाला ओळखता येतात, आणि शंका असेल तर लाकडाची बारीक चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करता येते. मूर्ती सागाची निघाली तर व्यापाऱ्याचे म्हणणे फारसे टिकणार नाही.

पण साग म्हणजे गोवाच, असेही मी म्हणणार नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. वसईच्या मागच्या जंगलांतले लाकूड तेव्हा जहाजांना जात होते आणि वसईचा काळा दगड गोव्यातील चर्चच्या दर्शनी भागांसाठी समुद्रमार्गे नेला जात होता. दगड आणि लाकूड एका दिशेने जात असताना घडवलेल्या मूर्ती आणि त्या घडवणारे हात उलट दिशेने येत असणार, हे माझे अनुमान आहे. त्यामुळे लाकडावरून देश ठरतो, गाव ठरत नाही.

गावाच्या जवळ नेणारी गोष्ट म्हणजे कोरण्याची रीत. गोव्याच्या परंपरेतील मूर्ती पुष्कळदा अगदी समोरासमोर, ताठ उभी असते. युरोपीय मूर्तीत एका पायावर भार टाकल्यामुळे कमरेला येणारा बाक तिच्यात कमी असतो. झग्याच्या चुण्या खोल न जाता उथळ, समांतर रेषांत उतरतात, केस विंचरल्यासारखे एकेक बट सुटी करून दाखवलेले असतात, डोळे बदामी आणि पापण्यांच्या कडा स्पष्ट असतात, आणि बैठकीवर कमळाच्या पाकळ्यांची ओळ आढळते. याचे एक कारण असे की कारागिरासमोर युरोपातून आलेली मूर्ती दर वेळी नसे. अँटवर्पसारख्या शहरांत ताम्रपटावरून छापलेली संतांची चित्रे मात्र मिशनऱ्यांच्या सामानातून जगभर पोचत होती. सपाट कागदावरच्या चित्रावरून गोल मूर्ती घडवायची, तर समोरची बाजू चित्रातून मिळते. पाठ मात्र कारागिराला स्वतःच्या सवयीने पुरी करावी लागते. म्हणूनच मी प्रत्येक पत्रलेखकाकडे पाठीचे छायाचित्र मागतो. पाठ पोखरून पोकळ केलेली असेल तर तीही महत्त्वाची खूण आहे, कारण लाकडाचा गाभा काढल्याने ते वाळताना कमी तडकते आणि मिरवणुकीत उचलायला हलके होते.

वयाबद्दल पाठीचे, तळाचे आणि चेहऱ्याचे छायाचित्र पाहिल्याशिवाय आकडा सांगणे योग्य नाही. चंद्रकोरीवर उभी असलेली निष्कलंक माउली हा विषय सतराव्या शतकापासून सारखा कोरला जात आला आहे, त्यामुळे केवळ विषयावरून काळ ठरणार नाही. मूर्ती गोव्याची ठरली तर ती पोर्तुगालच्या मूर्तीपेक्षा कमी प्रतीची, असे मात्र मुळीच समजू नये. जगातील मोठी संग्रहालये आज ज्यांची स्वतंत्र परंपरा म्हणून मांडणी करतात, त्या याच कार्यशाळा होत.

विक्रीबद्दल कायदा असा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली येते. अधिसूचित प्रकारच्या वस्तूंची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. परवाना दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलू नये.

राहिली तळाची भोके. मूर्तीखाली पांढरा कागद पसरून ठेवा. त्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडू लागली तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेच्या फिक्या लाकडाला मात्र लागते, म्हणून भोके आहेत याचा अर्थ साग नाही असा होत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फर्निचरचे औषध भोकांत सोडू नये, कारण ते लाकडातून झिरपत रंगाच्या अस्तरापर्यंत जाते. संवर्धक अशी मूर्ती हवाबंद पिशवीत घालून आतला प्राणवायू काढतात आणि काही आठवडे तशीच ठेवतात. त्यात कीड अंड्यांसह मरते आणि रंगाला काहीही स्पर्श होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. तिथे विचारणा करावी. तोपर्यंत मूर्ती ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून आणि एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवावी, तिच्या अंगावर ओले हार घालू नयेत, मेणबत्ती हातभर अंतरावर लावावी, आणि पोपडे उडत असताना तिच्यावरून फडके अजिबात फिरवू नये. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि हिवाळ्यात आकसते, अस्तर मात्र त्याच्याबरोबर तितके हलत नाही, आणि पोपडे उडतात ते यामुळेच.

प्रश्न : मी कलेचा इतिहास शिकत आहे. गोव्यातील चर्चमधील अनेक मूर्ती हिंदू कारागिरांनी घडवल्या असे वाचले. धर्मसत्ता इतकी कडक असताना याला परवानगी कशी मिळाली?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : परवानगी मिळाली नव्हती. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पवित्र प्रतिमा आणि उपासनेच्या वस्तू करून घेण्यास मनाई केली, आणि नंतरही असे हुकूम निघत राहिले. एकच मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते तेव्हा ती पाळली जात नव्हती, असाच त्याचा अर्थ इतिहासकार घेतात. गावोगाव चर्च उभी राहत होती, प्रत्येकाला वेदी, व्यासपीठ आणि मूर्ती हव्या होत्या, युरोपातून येणारे मूर्तिकार मोजके होते, आणि लाकूड, धातू व हस्तिदंत यांवर पिढीजात हात बसलेली च्यारी (सुतार-कारागीर) आणि सोनारांची घरे इथेच होती.

तरीही ‘हिंदू कारागिरांची ख्रिस्ती कला’ असे सरधोपट वाक्य आपण प्रबंधात लिहू नये, अशी माझी विनंती आहे. कारागिरांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराने हातातली सवय बदलत नाही, त्यामुळे कमळाची पाकळी कोरणारा माणूस कोणत्या धर्माचा होता हे पाकळीवरून सांगता येत नाही. मूर्तींवर सह्या नसतात, काम एका व्यक्तीचे नसून कार्यशाळेचे असे, आणि कोरणारा, वर्ख चढवणारा व रंगवणारा हे वेगवेगळेही असू शकत. गोव्यातील काही व्यासपीठांना खालून तोलून धरणाऱ्या नागिणीसारख्या आकृती आपण पाहिल्या असतील. त्यांच्याकडे मी बंडाची खूण म्हणून पाहत नाही. भार पेलणारी आकृती कोरायला सांगितल्यावर कारागिराच्या हातून त्याच्या ओळखीचे रूप उतरले, इतके साधे स्पष्टीकरण मला अधिक पटते.

अभ्यासासाठी एकच जागा निवडायची तर जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बॅसिलिकामधील संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी निवडा. वरची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडवली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्या आश्रयाखाली घडवला व तो १६९८ मध्ये बसवला गेला. दोन्ही कामे एकाच नजरेत येतात आणि कोणते कोणाला कमी पडत नाही, हे स्वतः पाहून ठरवावे. त्यानंतर जवळच सांता मोनिका मठात असलेले ख्रिस्ती कला संग्रहालय पाहावे. ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत (धर्मगुरूंच्या विद्यालयात) सुरू झाले आणि २००२ मध्ये इथे आले. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात जाणे जमले तर पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा इथे निघणारी संतांची मिरवणूक चुकवू नये. तिथल्या मूर्तींना खरी वस्त्रे चढवलेली असतात. अशा मिरवणुकीच्या मूर्तींत अनेकदा चेहरा आणि हातच बारकाईने घडवतात आणि वस्त्राखाली लाकडी सांगाडा असतो. मूर्ती मिरवणुकीत नेण्यासाठी घडवली जाते, हे तिथे जितके स्पष्ट कळते तितके काचेच्या कपाटासमोर कळत नाही. मुंबईतच सुरुवात करायची तर गोरेगावला मुंबई धर्मप्रांताचे वारसा संग्रहालय आहे.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर कपाटात वीतभर उंचीची पांढरी मूर्ती सापडली. डोळे मिटून, गालाला हात लावून बसलेले बाळ, खांद्यावर कोकरू, खाली डोंगरासारखे टप्पे आणि सर्वांत खाली गुहेत आडवी झालेली स्त्री आहे. सुरुवातीला ती बुद्धाची वाटली. ती हस्तिदंताची आहे का आणि घरात ठेवता येईल का?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : आपण केलेले वर्णन गोव्याच्या सतराव्या शतकातील सर्वांत लक्षणीय घडणीशी तंतोतंत जुळते. तो बाळ येशू आहे, उत्तम मेंढपाळाच्या रूपातला. मधल्या टप्प्यांवर नीट पाहिले तर झरा आणि त्याचे पाणी पिणारी मेंढरे किंवा पक्षी दिसतील. खालची स्त्री म्हणजे पश्चात्ताप करणारी येशूची शिष्या मारिया माग्दालेना, तिच्याजवळ बहुधा ग्रंथ असेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या घडणीचे नमुने आहेत. आपल्याला बुद्ध आठवला यात नवल नाही, कारण मिटलेले डोळे आणि आत वळलेली शांत मुद्रा पाहून अभ्यासकांनाही तेच साम्य जाणवले आहे. हा बाळ मेंढपाळ या रूपात युरोपात सहसा दिसत नाही, तो इथल्या कार्यशाळांचाच. हस्तिदंत बव्हंशी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिककडून येत असे.

त्याच काळात मनिलामध्ये स्थायिक झालेले चिनी कारागीरही स्पॅनिश चर्चसाठी हस्तिदंती मूर्ती घडवत होते आणि त्या जहाजांनी मेक्सिकोच्या आकापुल्कोला जात होत्या. त्यांतील चेहऱ्यांच्या पापण्या जड आणि हात गुबगुबीत असतात, आणि सुळ्याचा बाक उभ्या मूर्तीच्या अंगात तसाच उतरलेला दिसतो. आपल्या मूर्तीचा टप्प्याटप्प्यांचा डोंगर मात्र गोव्याकडेच बोट दाखवतो.

हस्तिदंत आहे की नाही हे पाहण्यासाठी तापवलेली सुई टोचण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकू नये. भिंगातून तळ पाहावा. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळे ठिपके दिसतात, आणि प्लॅस्टिकच्या नकलेत रेषा असल्याच तर त्या एकसारख्या समांतर असतात.

कायद्याचा भाग गंभीर आहे आणि तो पुढे ढकलू नये. हस्तिदंताच्या व्यापाराला, मग तो भारतीय असो वा आफ्रिकी, आपल्याकडे बंदी आहे, आणि वस्तू शंभर वर्षांची झाली म्हणजे विक्रीला मोकळीक मिळते हा समज चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी वस्तू वारशाने मिळाली तर ती मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे निवेदन द्यावे लागते. वडिलांच्या नावे मालकी प्रमाणपत्र होते का, हे त्यांच्या कागदपत्रांत आधी शोधावे, आणि नसले तरी वकिलाचा सल्ला घेऊन ठाण्याच्या वनविभागाच्या कार्यालयातून सुरुवात करावी. मूर्ती विकण्याविषयी कोणाशी बोलू नये, तिचे छायाचित्र विक्रीच्या संकेतस्थळांवर टाकू नये, आणि ती परदेशी नातेवाइकांकडे पाठवू नये.

प्रश्न : आमच्या घरची लूर्द माउलीची प्लॅस्टरची मूर्ती पोर्तुगीज काळातील, तीनशे वर्षे जुनी आहे असे घरात सांगतात. हे शक्य आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : शक्य नाही. फ्रान्समधील लूर्द इथे मारिया माउलीचे दर्शन १८५८ मध्ये झाले आणि पांढरा झगा, निळा कमरपट्टा हे आज सर्वत्र दिसणारे रूप जोझेफ-युग फाबिश या शिल्पकाराने १८६४ मध्ये लूर्दच्या गुहेसाठी घडवलेल्या मूर्तीवरून रूढ झाले. ठाण्यावरची पोर्तुगीज सत्ता त्याआधी शतकाहून अधिक काळ, १७३७ मध्येच संपली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साँ-सुल्पिस भागातील कारखाने साच्यातून अशा मूर्ती काढून जगभर पाठवत, आणि पुढे तशाच मूर्ती इथेही ओतल्या गेल्या. पोर्तुगालमधील फातिमाचे दर्शन १९१७ मधले, म्हणून याच न्यायाने फातिमा माउलीची कोणतीही मूर्ती १९१७ च्या आधीची असू शकत नाही.

तरीही तीनशे वर्षांची ती आठवण एकदम खोडून टाकू नका. कुटुंबे मूर्ती बदलतात आणि जुनीची गोष्ट नवीला लागू होते, असे अनेक घरांत घडले आहे. आधी आल्तारावर दुसरी एखादी लाकडी मूर्ती होती का, ती कोणत्या भावंडाच्या वाट्याला गेली, हे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि ती सापडली तर तिची समोरून, मागून व तळाकडून घेतलेली छायाचित्रे आम्हांला पाठवा.